भोपळ्याची बखर

आमच्या घराण्यात भोपळ्याची परंपरा जुनी आहे. मी तो शाळेत गणितात दोनदा मिळवला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो दरवर्षी जमिनीतून मिळवला. माझ्या भोपळ्यांची नोंद प्रगतिपुस्तकात आहे. दादांच्या भोपळ्यांची नोंद कुठेच नाही. म्हणून ही बखर.

दादा १९६६ साली गिरगावातली चाळ सोडून मुलुंडला राहायला आले, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं होतं, "मुलुंड म्हणजे ठाण्याच्या अलीकडे की पलीकडे?" वास्तविक १९५७ सालीच मुलुंड बृहन्मुंबईत आलं होतं, पण ही बातमी गिरगावात पोचायला वेळ लागला. आमची सोसायटी पूर्वेला. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं. आम्हाला तळमजला मिळाला, आणि तळमजल्याबरोबर स्वयंपाकघरामागची बारा फूट रुंद, तीस फूट लांब अशी एक पट्टीही. ही पट्टी कागदोपत्री सोसायटीची. पण दादांनी पहिल्याच अक्षय्य तृतीयेला तिच्यात आळं घातलं आणि भोपळा लावला. कोकणी माणसाला अक्षय्य तृतीयेला वेलाचं बी न लावता घरात बसवत नाही. त्या दिवसापासून ती पट्टी 'भोपळ्याची' झाली. सोसायटीच्या सभेत तिच्या मालकीचा प्रश्न निघाला असता तर भोपळ्याला विचारावं लागलं असतं.

दादा वेलाला कधी हात लावत नसत. शेणखत घालायचं, पाणी घालायचं, पानांवर राख टाकायची आणि भिंतीला एक दोरी सोडायची. पुढे वेल जाणे आणि त्याचं नशीब जाणे. वेल दोरीवरून पहिल्या मजल्याच्या गजांवर आणि तिथून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत जायचा. तिथे त्याला काय आवडायचं कोण जाणे. पण हमखास एक भोपळा काकूंच्या गजांत धरायचा. पहिल्या वर्षी काकू प्रामाणिकपणे विचारायला आल्या, "हा कोणाचा?" दादांनी निवाडा दिला, "ज्याच्या खिडकीत धरला त्याचा." पुढे कित्येक वर्षं हाच कायदा चालला. दादा गेल्यावर मी बी लावायचं काम चालू ठेवलं. ते धर्मकृत्य म्हणून. शेतीची आवड म्हणून नव्हे.

आता यंदाची हकिकत. यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे आमची इमारत पाडून तिथे बावीस मजले उभे करायचं ठरलं. दुसरी म्हणजे मिनेसोटाला असलेल्या आमच्या चिरंजीवांना भोपळ्यात रस निर्माण झाला.

आधी इमारतीचं सांगतो. तेवीस सभासदांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. राहिली एक, ती माझी. कायद्याने माझ्यावाचून काही अडत नव्हतं; हल्ली एक्कावन्न टक्के संमती पुरते. पण एकाच खोपटाखाली पन्नासेक वर्षं काढलेल्या माणसांना एक रकाना रिकामा दिसणं बरं वाटत नाही. सेक्रेटरी तीनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी मी सांगून टाकलं, "यंदाचा भोपळा उतरला की सही करतो." हे मी वेळ मारून न्यायला बोललो होतो. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

चिरंजीवांचं असं, की त्यांचं आणि माझं फोनवरचं संभाषण गेली काही वर्षं चार वाक्यांत आटोपत असे. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "ठीक. आईला देतो." बिघडलं काहीच नव्हतं, पण तुम्ही इकडे या आणि मी येत नाही हा वाद एकदा झाल्यावर दोघांनीही विषयांवरून पाय जपून टाकायला सुरुवात केली होती. आणि अचानक मेमध्ये त्यांचा फोन आला, "बाबा, आजोबांचा भोपळा लावलात का? आमच्या शेजाऱ्याने लावलाय. चारशे किलोचा करणार म्हणतो."

मी म्हटलं, "ग्रॅम की किलो?"

तर किलोच. आणि तिकडे चारशे किलो म्हणजे काही विशेष नाही म्हणे. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात विल्यम वॉर्नॉक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९०४ साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा नेऊन ठेवला. हा विक्रम १९७६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. एवढी वर्षं तर आपल्याकडे पागडीचा भाडेकरूही टिकत नाही. पुढे कॅनडातच नोव्हा स्कोशियात हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं बी निवडून 'अटलांटिक जायंट' ही जात तयार केली आणि १९८१ साली ४९३.५ पौंडांचा भोपळा काढला. मग साऱ्या जगाला त्याच्याच बियांचं वेड लागलं. २०१२ साली अमेरिकेत रॉन वॉलेस यांनी दोन हजार पौंडांचा पल्ला ओलांडला. २०२३ साली मिनेसोटाच्याच ट्रॅव्हिस गिंगरनी २,७४९ पौंड नेले आणि २०२५ साली इंग्लंडच्या पेटन या जुळ्या भावांनी त्यावरही ताण केली : १,२७८ किलो. आमच्या काळातली मारुती आठशे साडेसहाशे किलोंच्या आसपास असे. म्हणजे दोन मारुत्या एका देठाला लोंबताहेत असं समजा. आणि त्या मारुत्यांना घेऊन जायला चार माणसं लागायची. ह्याला क्रेन लागते.

डिलसाहेबांच्या विंडसर गावी १९९९ पासून आणखी एक प्रकार सुरू झाला. असे अजस्र भोपळे पोखरायचे, आत बसायचं आणि वल्ही मारत तळं पार करायची शर्यत लावायची. हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "त्यात नवीन काय? आपली म्हातारी तर रस्त्याने यायची. तिला पाणीसुद्धा लागायचं नाही."

तिच्या ह्या एका वाक्याने मी इतिहासात पडलो. म्हातारी लेकीकडे गेली, महिनाभर राहून अंगाने भरली आणि वाघाला चुकवून भोपळ्यात बसून परत आली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मऊ भाताबरोबर गिळलेली आहे. पण तो भोपळा कोणता? चित्रकार मंडळी बालवाचनाच्या पुस्तकात तो हटकून लाल, फाकीफाकींचा काढतात. गोष्ट जर खरोखरच आजीच्या आजीच्या आजीच्याही आधीची असेल, तर तो लाल असणं शक्य नाही. कारण लाल भोपळा त्या वेळी अटलांटिकच्या पलीकडे होता.

आपला मूळचा भोपळा म्हणजे दुधी आणि त्याचा तो कडू भाऊ, तुंबा. हे घराणं आफ्रिकेचं, पण हजारो वर्षांपूर्वीच इथे येऊन स्थायिक झालेलं. बैराग्याचं पाणी ह्याच्यात, वीणेचा आवाज ह्याच्यात, आणि विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचा तोही हाच. मी स्वतः आजोळच्या विहिरीत पाठीवर भोपळा बांधून पोहायला शिकलो. म्हणजे शिकलो नाही. भोपळा तरंगत होता आणि मी त्याला बांधलेला होतो. नदी उतरायला अशाच वाळक्या भोपळ्यांची सांगड करीत. तेव्हा म्हातारीसाठी उमेदवार हाच. फक्त तिचं वजन लेकीकडे जाण्यापूर्वीचं धरावं लागेल.

लाल भोपळ्याचं कूळ अगदी निराळं. त्याचं मूळ अमेरिका खंडात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले लोक तो हजारो वर्षं पिकवीत होते. १४९२ साली कोलंबस तिकडे गेला, १४९८ साली वास्को द गामा इकडे आला, आणि ह्या दोन वाटा जोडल्या गेल्यावर जहाजांतून काय काय उतरलं म्हणता! मिरची, बटाटा, भुईमूग, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, आणि हा आमचा लाल भोपळा. १५१० साली गोवा पोर्तुगीजांकडे गेला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा तह करून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. साष्टी म्हणजे कोण? तर आम्ही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी बेटावरची मंडळी. आज बोरिवलीची माणसं मुलुंडला लग्नाला यायचं म्हणजे परदेशी निघाल्यासारखा चेहरा करतात. पण दोनशे वर्षं आम्ही सगळे लिस्बनच्या एकाच राजाची रयत होतो.

ह्या नव्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी आपली मूळची नावं सोडली नाहीत. बटाटा, अननस, पपई, काजू ही पोर्तुगीज नावं घेऊनच मराठीत आली. लाल भोपळ्याने मात्र वेगळी युक्ती केली. तो आला आणि इथल्या जुन्या दुधी भाडेकरूच्या नावावरच राहू लागला. पागडीचा व्यवहार याहून चोख होत नाही. आज नुसतं 'भोपळा' म्हटलं तर डोळ्यांपुढे लालच येतो, आणि मूळ मालकाला 'दुधी' असं विशेषण लावून स्वतःची ओळख सांगावी लागते. काही ठिकाणी तर ह्याला काशीफळ म्हणतात. जन्म अमेरिकेत, प्रवास पोर्तुगीज गलबतातून, आणि नाव काशीचं! विदर्भात गेलात तर हा चक्क कोहळं होऊन बसलेला सापडेल.

पण त्याचा खरा पराक्रम पुढेच आहे. हा परदेशी गृहस्थ उपासाला चालतो. आमच्याकडे एकादशीला कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, वांगं तर चातुर्मासभर चालत नाही. चालतं काय? साबुदाणा : तो होतो टॅपिओकाच्या कंदापासून, कंद दक्षिण अमेरिकेचा. त्यात शेंगदाण्याचं कूट : दक्षिण अमेरिका. बटाटा : तिथलाच. मिरची, रताळं : तिकडचीच. आणि बाजूला लाल भोपळ्याचं रायतं. विठ्ठलाने युगे अठ्ठावीस वाट पाहिली ती बहुधा कोलंबसाचीच. माझी आई अत्यंत सोवळी. तिला मी हे एकदा साधार सांगितलं. ती म्हणाली, "समुद्र ओलांडून आला म्हणूनच त्याला आपण शिजवून घेतो."

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत वाजू लागल्या. पावशेर भोपळा काही कोणी परत केला नाही. १७७४ साली इंग्रज साष्टीत आले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली. ती आमच्या अंगणासमोरूनच गेली, फक्त तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. भाताची खाचरं, चिंचा, आंबे आणि झोपड्यांवर चढलेले वेल असा हा मुलूख होता. मुंबईकर हवा पालटायला इथे येत. आता आम्हाला हवा पालटायची झाली तर कसारा ओलांडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अन्नाचा तुटवडा झाला तेव्हा 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली, आणि त्याच योजनेखाली रुळांकडेच्या पट्ट्या भाजीसाठी रेल्वे कर्मचाऱ्यांना मिळू लागल्या. लोकलच्या दारात उभं राहून पालक-माठाचे ते हिरवे वाफे पाहत मी तीस-पस्तीस वर्षं बँकेत गेलो. ती भाजी कुठल्या पाण्यावर पिकते हे तेवढं बघायचं नाही, असा स्वतःशी करार होता.

तर असा चार-पाचशे वर्षांचा इतिहास पाठीशी घेऊन मी मेमध्ये आळं घातलं. बी आमच्या भाजीवालीने कापलेल्या भोपळ्यातलं, फुकट.

आणि चिरंजीवांनी सूत्रं हाती घेतली. रोज सकाळी साडेसातला फोन. तिकडे रात्रीचे नऊ. "बाबा, फोटो पाठवा." मी पाठवायचा. मग ते शेजाऱ्याला विचारून सांगायचे. पहिला पाठ असा : एका वेलावर एकच भोपळा. बाकीचे लहान असतानाच काढून टाकायचे. मी म्हटलं, "अरे, धरलेला भोपळा तोडायचा?" "बाबा, खाणारी तोंडं कमी केल्याशिवाय एक मोठा होत नाही." हे वाक्य मी कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली वाचल्यासारखं वाटलं.

दुसरा पाठ बगलफुटीचा. वेलाचा मुख्य दांडा सरळ एका दिशेने न्यायचा. त्याच्या प्रत्येक पेरातून बगलेला फुटवा येतो. ह्या फुटव्यांना दोन्ही बाजूंना काटकोनात पसरायचं. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखं दिसलं पाहिजे. दहाबारा फूट गेले की त्यांचा शेंडा खुडायचा. ह्या फुटव्यांना पुन्हा जे फुटवे येतात, म्हणजे तिसरी पिढी, ती दिसली की नखाने उडवायची. ती नुसती पानं वाढवते आणि रान माजवते. प्रत्येक पेरावर माती ओढायची म्हणजे पेरापेराला मुळं सुटतात आणि मूळच्या आळ्यावर सगळा भार राहत नाही. भोपळा धरायचा तो मुख्य दांड्यावर, आळ्यापासून दहापंधरा फुटांवर. आणि तो धरला की तिथे वेलाला हळूहळू वळण द्यायचं. नाहीतर भोपळा फुगतो, देठ ताणला जातो आणि स्वतःच्या वजनाने स्वतःला तोडून घेतो. भोपळ्याजवळच्या पेरांची मुळं मात्र सोडवून ठेवायची, कारण फळ उंच होत जातं तसा वेलालाही उचलायला वाव हवा. शेजाऱ्याचा भोपळा ऐन भरात रोज वीस-वीस किलोंनी वाढतो म्हणे. आमच्याकडे असा वेग फक्त मेंटेनन्सलाच आहे.

मी विचारलं, "जागा किती लागते?"

"एका वेलाला आठशे-हजार स्क्वेअर फूट."

मी मान वर करून इमारतीकडे पाहिलं. ह्या मुलुंडात दोन बेडरूमचा ब्लॉक एका भोपळ्याला द्यायचा, आणि वर त्याला कार्पेट एरिया मोजून! आमची पट्टी होती तीनशे साठ. मी तिच्यातच काटा बसवला. गंमत अशी, की वरच्या मजल्यावरचा तरुण मुलगा कुंडीत दुधी लावतो, तो नेमकं उलटं करतो. त्याला 'थ्री जी कटिंग' म्हणतात. मुख्य वेलाचा शेंडा मारायचा, दुसऱ्या पिढीचाही मारायचा, म्हणजे तिसरी पिढी फुटते आणि तिच्यावर मादीफुलं भरपूर येतात. ज्याला मोठा एक हवा तो तिसरी पिढी खुडतो. ज्याला पुष्कळ हवेत तो तिसऱ्या पिढीची वाट पाहतो. मी हे चिरंजीवांना सांगितलं. थोडा वेळ फोनवर काहीच आलं नाही. मग म्हणाले, "बाबा, नेटवर्क गेलं होतं."

जूनच्या अखेरीस फुलं आली. भोपळ्याला आधी नरफुलं येतात. आठवडा-दोन आठवडे तीच. पिवळीधमक, ताठ देठाची आणि निरुपयोगी. सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीसारखी. आमच्या हिने त्यांची भजी केली. मग एके दिवशी फुलाखाली चिमुकलं बोंड असलेली मादीकळी दिसली. मादीफूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. त्या चार-सहा तासांत जे व्हायचं ते व्हावं लागतं. पूर्वी हे काम मधमाश्या करायच्या. आता इतक्या इमारतींतून वाट काढत मधमाशी मुलुंडला कशाला येईल? तेव्हा सकाळी साडेसहाला, मिनेसोटाकडून थेट मार्गदर्शन घेत, मी नरफूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला परागाचा दांडा मादीफुलात हलकेच फिरवला. वरच्या मजल्यावरून सेक्रेटरींनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "लग्न." ते म्हणाले, "मुहूर्त चुकवू नका. बिल्डर विचारतोय."

भोपळा धरला. पहिल्या आठवड्यात पेरूएवढा, दुसऱ्यात नारळाएवढा. फळमाशी लागू नये म्हणून त्याला हिच्या जुन्या ओढणीची झूल घातली. खाली कुजू नये म्हणून वाळू आणि त्यावर फळी. सगळी इमारत येऊन बघून जाऊ लागली. सेक्रेटरी दर रविवारी टेप घेऊन यायचे. ज्यांच्याशी माझं इतकी वर्षं विळ्या-भोपळ्याचं नातं, ते पार्किंगवाले गृहस्थसुद्धा वाकून म्हणाले, "देठ बघा हं, ताण पडतोय."

आणि एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली. काकूंचं वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, यंदा वेल वर का नाही आला?"

मी काय सांगणार? शेंडे मीच खुडले होते. आदल्याच सकाळी एक बगलफूट भिंतीकडे वळली होती. तिचा ताणा, ती बारीक स्प्रिंगसारखी गुंडाळी, दादांच्या जुन्या खिळ्याला धरून बसली होती. मी तिला सोडवून जमिनीवर आणली होती. काट्याची रचना बिघडत होती ना!

"येतोय काकू," मी म्हटलं. "यंदा जरा उशीर झालाय."

रात्री मी आतून सुतळीची गुंडी आणली, अंधारातच खिळ्याला बांधली, पहिल्या मजल्याच्या गजांतून वर ओवून घेतली. ती बगलफूट उचलून दोरीला लावली. सकाळच्या फोटोत ती बाजू येणार नाही असं बघून फोटो काढला. पण मिनेसोटाची नजर तीक्ष्ण. "बाबा, डाव्या बाजूचा तिसरा फुटवा कुठे गेला?" मी म्हटलं, "वर गेला. काकूंकडे." ते म्हणाले, "सगळं अन्न तो खाईल. तुमचा मोठा होणार नाही." मग जरा थांबून विचारलं, "काकू अजून त्याच खिडकीत बसतात?"

त्या दिवशी आमचं बोलणं पाऊण तास चाललं. त्यात भोपळा पाच मिनिटं असेल.

मध्येच हिने एक दिवस तंबोऱ्याची गवसणी काढली. घर हलवायचं तर हा कुठे ठेवायचा, ही तिची मोठी काळजी. तिच्या माहेरून आलेला मिरजेचा तंबोरा आहे. माझ्या डोक्यात वजनं आणि घेर घुमत असल्याने मी पहिल्यांदाच त्याच्या भोपळ्याकडे नीट पाहिलं. हात पसरून कवेत घ्यावा एवढा. आणि मला जाणवलं, की अवाढव्य भोपळे आपल्याकडेही पिकतात, आपण फक्त ते वजनकाट्यावर ठेवत नाही. पंढरपूरच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात शेतकरी हा कडू भोपळा खास वाद्यांसाठी लावतात. महिनोन् महिने वाळवलेला हा भोपळा मिरजेत जातो. तिथे हे काम करणाऱ्या घराण्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब सतारमेकर. शिकलगारांचं घराणं, शस्त्रांना पाणी-धार द्यायचा धंदा. एकोणिसाव्या शतकात राज्यं गेली, तलवारी म्यानात गंजू लागल्या, तेव्हा त्या हातांनी भोपळा धरला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावाचं नाव सुराशी कायमचं जोडलं गेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे भोपळा मोठा करतात तो क्रेनने उचलायला. आमच्याकडे त्याच्यातलं सगळं काढून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत षड्ज भरतात. ही म्हणाली, "भोपळा मोठा करायचाच तर असा करावा. तुमच्या त्या मारुतीला कोणी मांडीवर घेईल का?"

सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, देठ वाळला. नखाने साल टोचेना, तेव्हा भोपळा उतरवला. भाजीवालीने आपला काटा आणला. सगळी सोसायटी पट्टीत उभी. साडेनऊ किलो. विंडसरच्या हिशेबाने हा भोपळा नव्हेच, लिंबू. चिरंजीव म्हणाले, "जातच वेगळी, बाबा. तुमचा देशी आहे. त्या जायंटचा चुलतभाऊ." सेक्रेटरी म्हणाले, "उतरला ना? झालं तर." आणि फाइल काढली.

आमच्याकडे भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची रीत आहे. मी ती सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांना बहुधा आयुष्यात प्रथमच सर्वानुमते काही कापायला मिळालं. चोवीस फोडी केल्या. हिने घारग्यांसाठी आमची किसायला घेतली. मी हात पुसून सही केली. तरी कागदावर एक पिवळा डाग पडलाच. तो बिल्डरच्या वकिलाने वाचायचा काय तो वाचो.

काकूंची फोड मी स्वतः वर नेली. त्या म्हणाल्या, "ही ठेव तुलाच. मला माझा आहे." खिडकीच्या गजांत, सुतळीला लोंबत, सव्वा किलोचा एक भोपळा होता. अजून हिरवा. काकूंनी त्याच्याखाली आधाराला आपली जुनी शाल बांधली होती.

बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून मी पाकिटात भरल्या. त्या रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, चिरंजीवांचा फोन.

"नवीन घर कितव्या मजल्यावर?"

"चौदाव्या."

"गॅलरी आहे?"

"आहे. चार बाय नऊ. नकाशात तिला डेक म्हणतात."

पलीकडे कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "मग मुख्य दांड्याचा शेंडा तीन फुटांवर खुडावा लागेल. आणि काकूंना कितवा दिलाय?"

"पंधरावा," मी म्हटलं. "आमच्या डोक्यावरचाच."

"मग खुडू नका," चिरंजीव म्हणाले.